तलाव सरकारचा की गावाचा?



लाखोळी, हरभरा, जवस घरात आले. मोहाची वेचणी आटोपत आली. शिवारात काम थोडे आणि ऊन फार, असे हे दिवस आहेत. याच दिवसांत गावतलावाचे पाणी मागे सरते आणि तळ उघडा पडतो. पाळ कुठे खचली, गाळ किती साचला, तुडूम कुठे गळते आणि तलावाच्या पोटात कोणी धुरे घातले, हे सारे आता डोळ्यांनी दिसते. आषाढात तलाव भरला की हे पुन्हा पाण्याखाली जाईल आणि आपणही विसरून जाऊ.

सिंदेवाही तालुक्यातून एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. त्यांच्या गावचा तलाव जुना, मालगुजाराच्या काळातला. ते लिहितात, "पाळीवर बेशरम माजली आहे. शेवटच्या बांध्यांना दोन वर्षांपासून पाणी पोचत नाही. मासेमारी संस्थेचे आणि शेतकऱ्यांचे पटत नाही. कोणाला विचारले तर म्हणतात, तलाव सरकारचा आहे. मग आम्ही काय करावे?" असाच प्रश्न मला गावोगावच्या बैठकांतही ऐकू येतो. म्हणून या वेळी धानाच्या वाणांचा विषय बाजूला ठेवून तलावाबद्दलच लिहितो.

हे तलाव आले कुठून

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूरचा पूर्व भाग मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. लहान बोड्या आणखी वेगळ्या. एवढे तलाव एकट्या सरकारने किंवा एकट्या राजाने बांधलेले नाहीत.

चांद्याच्या गोंड राजांनी एक चांगली रीत घातली. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क द्यायचा. हिरशहा राजाचे नाव या संदर्भात घेतले जाते. तलावाखाली जितकी जमीन भिजेल तितकी बांधणाऱ्याची, असे जुनी माणसे सांगतात. अशा देणगीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरातला तुकूम हा भाग आजही त्या नावाने ओळखला जातो. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा होता. कुठल्या दोन टेकड्यांच्या मध्ये पाळ घातली म्हणजे थोड्या मातीत जास्त पाणी अडेल, हे ते नजरेने ओळखत. वरच्या तलावाचे जादा पाणी सांड्यावरून खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या तलावात, अशी तलावांची साखळीच त्यांनी केली.

आपल्याकडे पाऊस कमी नाही. सरासरी १२०० ते १५०० मिलिमीटर पडतो. पण तो चार महिन्यांत पडतो आणि मधेच पंधरा-वीस दिवस दडी मारतो. धान पोटरीत असताना अशी दडी बसली की हातचे पीक जाते. तलाव आहे तो या दडीसाठी. धानाला वर्षभर पाणी पुरवावे म्हणून तो बांधलेला नाही. नेमक्या वेळी दोन पाणी देऊन पीक वाचवावे, म्हणून बांधलेला आहे.

मालगुजारी गेली, राखणही गेली

इंग्रजी अमलात १८६०च्या सुमारास मालगुजारांना गावाचे मालकी हक्क मिळाले. तलावाची देखरेख त्यांच्याकडे होती. दरवर्षी उन्हाळ्यात गावातल्या माणसांनी पाळीवर माती टाकायची, पाट साफ करायचे, आणि पाणी फिरवणाऱ्या माणसाला धान्य द्यायचे, अशी वहिवाट होती. मालगुजारीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिच्यात वेठबिगार होती आणि गरिबाचे ऐकणारे कोणी नव्हते. ती गेली हे चांगलेच झाले.

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले. पुढे १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. तेव्हापासून लहान तलाव त्यांच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आणि मोठे तलाव राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे आहेत. पाण्यावर पट्टी बसली. ज्या गावांच्या निस्तार हक्कात तलावाचे पाणी फुकट लिहिलेले होते, त्यांचा यावर वाद झाला. वादात लोकांनी पाळीवर माती टाकणे सोडले. मालक सरकार, तर दुरुस्तीही सरकारच करील, असा हा हिशेब होता.

हा हिशेब सरकारलाही पेलवला नाही आणि गावालाही परवडला नाही. एका जिल्ह्यात हजारावर तलाव आणि मोजके कर्मचारी. उंदराने पाळीला बीळ पाडले हे कचेरीत बसून कळत नाही. ते पाळीवरून रोज गुरे नेणाऱ्या माणसाला कळते. ते बीळ टोपलीभर चिखलाने बुजते. आषाढातल्या पुरात तेच बीळ पाळ फोडते, मग त्याला लाखो रुपये लागतात. म्हणून वाचक बंधूंना पहिले उत्तर हे, की कागदावर तलाव सरकारचा असला तरी त्याची रोजची राखण गावाशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही.

तलाव म्हणजे नुसता पाण्याचा हौद नव्हे

आपण तलाव मोजतो तो किती एकर भिजवतो यावर. पण तलावाचे चार भाग आहेत आणि चारही नीट असले तरच तो टिकतो.

पहिला भाग वरचे रान, जिथून पाणी येते. तिथे पालापाचोळा आणि झुडपे असली की पाणी गाळून येते. वणवा लागून जमीन उघडी पडली की पहिल्या पावसाबरोबर माती तलावात उतरते. तलावात साचलेला गाळ हा बराचसा वरच्या रानाचा हिशेब असतो.

दुसरा भाग काठाची उथळ जागा. आपल्याला ती वाया गेलेली वाटते. पण देवधान, कमळ, पोयणी आणि पाण्याखालच्या निरनिराळ्या वनस्पती इथेच वाढतात. मरळ, शिंगी, मागूर असे आपले गावठी मासे इथेच अंडी घालतात. बदके आणि बगळे इथेच चरतात. गुरांना उन्हाळ्यात हिरवा चारा इथलाच.

तिसरा भाग मधली खोल जागा. वैशाखात सगळे आटले तरी इथे पाणी राहते. गावच्या विहिरींचे झरे त्यावर जिवंत राहतात आणि पुढच्या वर्षीचे मासळीचे बीज तिथेच जगते.

चौथा भाग पाळ, तुडूम, सांडवा आणि खालचे पाट. आपले सारे भांडण या चौथ्या भागात असते. पहिल्या तीन भागांकडे कोणी बघत नाही.

या तिन्ही भागांचा मोठा शत्रू बेशरम. ही परदेशातून आलेली वनस्पती. गुरे तिला तोंड लावत नाहीत, लावले तर विष होते. तिची फांदी तोडून ओल्या जागी टाकली की पुन्हा मूळ धरते. ती वाढली की देवधान आणि इतर पाणवनस्पती मरतात, आणि मग माशांना अंडी घालायला जागा उरत नाही. शिवाय तिच्या दाट जाळीत रानडुकरे बसतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या भागात वाघ-बिबट्यांचा वावर आहे. तिथे तलावाकाठची अशी जाळी माणसाच्या जिवालाही धोक्याची.

शेतकरी आणि ढिवर यांचे भांडण

पत्रातला नाजूक मुद्दा हा आहे. शेतकऱ्याला वाटते, पाणी माझ्या धानासाठी आहे, शेवटच्या थेंबापर्यंत मी नेईन. ढिवर बांधवाला वाटते, संस्थेने ठेका भरला, बीज विकत आणून सोडले, आता तलाव रिकामा केला तर मासळी मेली. दोघांचेही पोट तलावावर आहे, त्यामुळे दोघेही आपापल्या जागी खरे आहेत.

यात एक गोष्ट शेतकऱ्यांनी समजून घ्यावी. रोहू, कतला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपोआप वीत नाहीत. त्यांना वाहते पाणी लागते. म्हणून त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. गावठी मासे मात्र तलावातच वाढतात, पण त्यांना काठाची वनस्पती आणि उन्हाळ्यात थोडे पाणी लागते. पहिल्या पावसात हेच मासे पाटातून, ओहोळातून बांध्यांत चढतात. नेमके तेव्हाच आपण त्यांना काठीने मारतो. अंड्यांनी भरलेली एक मादी मारली की पुढच्या वर्षीची टोपलीभर मासळी गेली.

ढिवर बांधवांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. चिनी गवत्या मासा म्हणजे ग्रासकार्प लवकर वाढतो, पण तो पाण्यातली वनस्पती खाऊन फस्त करतो. तो सोडला की दोन-तीन वर्षांत तलाव उघडा पडतो आणि गावठी मासे जातात. काही तरुण विष किंवा वीज वापरून मासे मारतात. विष किंवा सुरुंग वापरून मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. त्याच पाण्यात गुरे पितात आणि पोरे पोहतात, हेही ध्यानात असावे.

तडजोडीचा मार्ग सोपा आहे. तुडुमाजवळच्या दगडावर रंगाने एक रेघ मारावी. पाणी त्या रेघेला आले की तुडूम बंद. रेघेखालचे पाणी गुरांचे, विहिरींचे आणि माशांचे. रेघ कुठे मारायची ते शेतकरी, ढिवर, गुरे राखणारे आणि पाणी भरणाऱ्या बाया, सर्वांनी मिळून तलावावर उभे राहून ठरवावे. उन्हाळी धान किती लावायचा तेही या रेघेवरूनच ठरते. उन्हाळी धानाला खरिपाहून पाणी फार लागते. तलाव अर्धा असताना चार शेतकऱ्यांनी उन्हाळी धान लावला, तर वैशाखात सगळ्या गावाची गुरे तहानतात.

शेतकऱ्यांनी आपल्या बांधीतही पाण्याची नासाडी टाळावी. रोवणीनंतर पऱ्हे जीव धरेपर्यंत एक इंच, पुढे दोन-अडीच इंच पाणी पुरे. फूटभर पाणी साठवल्याने धान जास्त येत नाही, फुटवे मात्र कमी होतात. पोटरी आणि निसवा या काळात ताण पडू देऊ नये. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी काढून टाकावे. धुऱ्यांची भोके बुजवली आणि पाणी बांधीतून बांधीत न फिरवता पाटाने नेले, तर शेवटच्या शेतकऱ्यालाही ते पोचते.

गावाच्या हातात काय आहे

पुष्कळांना वाटते की कायदा आपल्या विरुद्ध आहे. तसे नाही. कोणत्या तलावाला कोणता कायदा लागतो, एवढे समजून घ्यावे लागते.

तलाव वनजमिनीत असेल, तर २००६ चा वनहक्क कायदा पाहावा. त्याच्या कलम ३ मध्ये पाण्यातील मासे व इतर उपज आणि चराई यांवरचे सामूहिक हक्क दिले आहेत. कलम ५ मध्ये पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे साठे राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्यांनी आपल्या पट्ट्यात तलाव आणि बोड्या आहेत का ते तपासावे. गौण वनउपजाकडे सर्वांचे लक्ष असते, पाण्याकडे नसते.

गाव अनुसूचित क्षेत्रात असेल, म्हणजे गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपुरातील राजुरा बाजूची गावे, तर १९९६ चा पेसा कायदा पाहावा. लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतीकडे सोपवावे असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले.

सिंदेवाहीसारख्या इतर भागांत ग्रामपंचायतीने ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा परिषदेशी बोलावे. तहसील कचेरीतून गावच्या निस्तार पत्रकाची नक्कल घ्यावी. तलावाची हद्द भूमी अभिलेख खात्याकडून मोजून घ्यावी आणि दगड रोवावेत. अतिक्रमणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात स्पष्ट निकाल दिला. गावाच्या सामाईक जागेवरची अतिक्रमणे काढण्यासाठी योजना करा, असे सर्व राज्यांना सांगितले. पण अतिक्रमण करणारा बहुधा आपलाच भाऊबंद असतो. आधी त्याला ग्रामसभेत बोलवावे आणि मोजणीचा नकाशा दाखवावा. त्याला पोटापुरती जमीन नसेल तर दुसरी काय सोय होईल तेही गावाने पाहावे. कचेरीची वाट त्यानंतर.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९७१ मध्ये इराणातील रामसर गावी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. त्या करारात माणसाने बांधलेले तलावही पाणथळ जागा म्हणून धरले आहेत. पण आपल्या देशातले २०१७ चे पाणथळ नियम सिंचनासाठी बांधलेल्या तलावांना लागू होत नाहीत. म्हणजे मामा तलावातल्या देवधानाला, कमळाला आणि पाखरांना त्या नियमांचे संरक्षण नाही. ग्रामसभेने नियम केला तर ते वाचतील, नाही तर नाही.

ज्यांनी करून दाखवले

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्या गावाशी जोडलेली आहेत. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्यांच्या बांबूला वाट मोकळी झाली. पण आपण शिकायचे ते आकड्यांतून नव्हे. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या संमतीने होतो. आणि निर्णयाआधी अभ्यास गट बसून विषय समजून घेतो. वेळ जास्त लागतो, पण ठरलेला नियम मोडायला कोणी तयार होत नाही. कारण तो प्रत्येकाने स्वतःच केलेला असतो.

चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूपानात रोख पैसा असतो हे सांगायला नको. तरीही तेंदूसाठी झाडे छाटली जातात आणि रानाला आग लावली जाते, म्हणून त्या ग्रामसभेने तेंदू न तोडण्याचे ठरवले आणि बांबूवर भर दिला. जंगलाचा एक भाग पूर्णपणे राखीव ठेवला. असा तोट्याचा नियम गाव स्वतः करते तेव्हाच ती खरी राखण.

तलावांचे उदाहरण शेजारच्या भंडारा-गोंदियाचे आहे. अर्जुनी-मोरगाव भागात मनीष राजनकर यांच्या 'फीड' संस्थेने ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांना हाताशी धरले. कुठल्या वनस्पतीत कुठला मासा राहतो हे ज्ञान ढिवर म्हाताऱ्यांना होतेच. त्यांनी बेशरम उपटली, उघड्या पडलेल्या तळात उन्हाळ्यात नांगर फिरवला, आणि चांगल्या तलावांतून पाणवनस्पती आणून लावल्या. या कामात बायाही पुढे होत्या. गावठी मासे परत आले, आणि पाठोपाठ पाखरेही. या कामात यंत्र थोडे आणि माणसांचे हात जास्त होते.

आपल्या मुलुखात समुद्र नाही, पण कोकणातही हीच गोष्ट घडत आहे. खाडीच्या खाऱ्या चिखलात तिवराची झाडे असतात. त्यांच्या वनाला कांदळवन म्हणतात. आपल्या तलावाच्या उथळ काठाचे जे काम, तेच समुद्राकाठी त्यांचे. माशांची, खेकड्यांची पिले तिथे वाढतात आणि लाटांपासून जमीन वाचते. राज्याने २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. २०१७ च्या योजनेत गावोगावी सहव्यवस्थापन समित्या करायचे ठरले. गावाने कांदळवन राखायचे आणि बचत गटांनी खेकडे, कालवे, शोभेचे मासे पाळून मिळकत करायची. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' गटाच्या महिलांनी पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवण्याचा धंदा सुरू केला. तिथेही आधी प्रश्न हाच होता की चिखलातल्या झाडांचा उपयोग काय. झाडे राहिली तर चूल पेटते, हे दिसल्यावर राखण आपोआप आली.

वर्षभराची कामे

आता कामाचे बोलू. हे कात्रण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले तरी चालेल.

चैत्र-वैशाख: सर्वांनी मिळून एकदा तलावफेरी काढावी. एकाने वहीत बिळे, वारुळे, गळती, बुजलेले पाट लिहून घ्यावेत. बेशरम मुळासकट उपटावी आणि पाण्यापासून दूर, उंच कोरड्या जागी वाळवावी. तोडून तलावातच टाकू नये. हे काम दिवसाउजेडी आणि घोळक्याने करावे, आधी आवाज करून जनावर नाही याची खात्री करावी.

गाळ काढायचा तोही याच दिवसांत. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने यंत्रे गावोगाव पोचली. पण यंत्राला अक्कल नसते, ती आपण द्यावी लागते. पाळीच्या पायथ्याशी खोदू नये, पाळ बसते. किती अंतर सोडायचे ते लघु पाटबंधारे विभागाच्या अभियंत्याकडून आखून घ्यावे. गाळाखाली चिकण मातीचा थर असतो, तो फोडून मुरूम लागेपर्यंत खोदले तर तलाव गळू लागतो. काठ उभे कापू नयेत, उतार ठेवावा, नाही तर गुरे पडतात. देवधान आणि कमळ असलेली एक बाजू तशीच सोडावी. काढलेला गाळ खरडी आणि बर्डी जमिनीत पातळ पसरावा, तिथे त्याचा गुण दिसतो. कन्हारात टाकण्याची गरज नाही. आणि गाळ आधी लहान शेतकऱ्याला द्यावा, ट्रॅक्टर असणारा तो नेईलच.

ज्येष्ठ: मृगाआधी पाळीची बिळे चिखलाने ठोकून बुजवावीत. सांडवा मोकळा करावा. जास्त पाणी साठावे म्हणून सांड्यावर माती टाकून उंची वाढवू नये, पाळ फुटण्याचे ते एक मोठे कारण आहे. जुनी झाडे तोडू नयेत, पण पाळीवर नवी मोठी झाडेही लावू नयेत.

आषाढ-श्रावण: चढणीच्या माशांना पहिले काही आठवडे मारू नये. मुसळधार पावसाच्या रात्री पाळीवर दोघांची पाळी लावावी. फवारणीचे पंप आणि डबे तलावात धुऊ नयेत.

भाद्रपद-आश्विन: पाणी पाळीने सोडावे. एक वर्ष वरून आणि एक वर्ष शेवटच्या बांधीपासून सुरुवात केली तर तक्रार राहत नाही. पाणी फिरवणारा माणूस एकच असावा आणि त्याला मोबदला सर्वांनी द्यावा.

कार्तिक-पौष: शिल्लक पाणी पाहून उन्हाळी पिकाचा निर्णय ग्रामसभेत घ्यावा. रेघ पाळावी.

माघ-फाल्गुन: मासळी, शिंगाडा, गाळ यांचा जमाखर्च फळ्यावर लिहावा. २ फेब्रुवारी हा जगभर पाणथळ दिवस म्हणून पाळतात. शाळेच्या मुलांना त्या दिवशी तलावावर न्यावे आणि एखाद्या ढिवर आजोबांना मासे व वनस्पती ओळखून दाखवायला सांगावे. ते ज्ञान पुस्तकात नाही.

सुरुवात कुठून

पत्र लिहिणाऱ्या बंधूंना आणि इतरांनाही माझे सांगणे असे. मोठ्या निधीची वाट पाहत बसू नका. निधी आला तर घ्यावा, त्यासाठी अर्जही जरूर करावा. पण निधीतून बांधलेले तुडूम राखण नसली तर पाच वर्षांत पुन्हा गळते.

१ मे रोजी ग्रामसभा आहे. त्या सभेत तलावाचा विषय ठेवा. त्याआधी एक दिवस सर्वांनी तलावफेरी करा. समिती करायची तर तिच्यात शेवटच्या बांधीचा शेतकरी हवा, ढिवर हवा, गुरे चारणारा हवा आणि निम्म्या बाया हव्यात. ज्यांचे पाणी पाळीजवळच मिळते अशा पाच मोठ्या शेतकऱ्यांची समिती केली, तर ती मालगुजारीच पुन्हा आणली असे होईल. पहिल्या वर्षी तीनच नियम करा: तळाच्या पाण्याची रेघ, चढणीच्या माशांना अभय, आणि घरटी एक माणूस एक दिवस पाळीवर. तीन नियम पाळले गेले तर चौथा करणे सोपे जाते. वीस नियम करून एकही पाळला नाही तर लोकांचा विश्वास उडतो.

नियम मोडणाऱ्याला दंड काय, हेही आधीच ठरवावे आणि तो सरपंचाच्या मुलालाही तितकाच असावा. दंड लहान असला तरी चालेल, पण तो सुटता कामा नये.

तुमच्या गावात तलावाचे काही जुने नियम असतील, किंवा नवे केले असतील, तर या पत्त्यावर जरूर लिहून कळवा. निवडक पत्रे पुढच्या अंकांतून देता येतील, म्हणजे एका गावाचे दुसऱ्याच्या कामी येईल. पुढच्या वेळी पऱ्ह्यांसाठी गादीवाफे आणि मिठाच्या पाण्याची बीजप्रक्रिया यांविषयी लिहीन. बियाण्याचे धान तोवर चांगले वाळवून ठेवा.

कळावे.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी